उधारीचा निखारा

इंदोऱ्याच्या चौकात, कडुनिंबाखाली
माही इस्तरीची गाडी.
सात किलोची पितळी इस्तरी,
बाभळीचा कोळसा,
अन् मे महिन्यात डोक्याले ओला दुपट्टा.

सकाळी सहाले खोब्रागडे बाई
जाड काचेचा गिलास घेऊन आली.
"देवाजी, एक निखारा दे."
मले वाटलं, मच्छराले धूर करत असन.
म्हणे, "टाक याच्यातच."

टाकला.
गिलास असा फणफणला का
झाडावरचे कावळे उडाले.

मेडिकलात एक्स-रे काढू काढू
तीस वर्षं गेले बाईचे.
रिटायर झाली अन् बोरोबुदूरचा स्तूप पायाले
जावाले जाऊन आली.
फोटो दाखवले मले:
दगडाच्या जाळीदार घंटा,
अन् आत बसलेले बुद्ध.
"ते आपल्याले पुरे पायतात," म्हणे,
"आपल्याले ते अर्धेच दिसतात."

तिथून मूर्ती नाई आणली बाईनं.
आणली दोन किलो कॉफी,
काळी, तेलकट.
नाकाले लावली तर तंबाखू, गूळ,
अन् मागून ओल्या पोत्याचा वास.
मी म्हणलं, बाई, सडली वाटते.
"हसू नको. तो तिथल्या मातीचा वास हाये."

तिथं एका टेशनाजवळ रातच्याले
चटया टाकून बसतेत म्हणे लोक,
रिक्षावाले, कॉलेजचे पोट्टे,
अन् दुकानदार चिमट्यानं निखारा उचलून
सरळ कॉफीत सोडते.
गाळणं नाई.
भुकटी खाली बसेपर्यंत थांबायचं.
ज्याले घाई, त्याच्या दाताले गाळ.

चवीले तिकडं रासा म्हणतेत.
मी म्हणलं, आमच्या इथं रस्सा म्हणतेत, तर्रीवाला.
बाई इतकी हसली का
गिलास पुन्हा गढूळ झाला,
पुन्हा थांबलो.

थांबता थांबता तिनं सांगतलं:
डच साहेबानं रोपटे नेले आपल्या मलबारातून,
मग हुकूम काढले,
इतके झाडं लावा, इतके दाणे मोजून द्या.
लावणाऱ्यानं प्यायची नाई.
पडलेला दाणाही उचलायचा नाई.
रातच्याले उदमांजर यायचं,
पिकलेलं फळ तेवढं निवडून खायचं.
त्याच्या विष्ठेतले दाणे
लोकाईनं वेचले, धुतले, भाजले, कुटले,
अन् तेव्हा कुठी त्याईले समजली
आपल्याच हातच्या पिकाची चव.

"खरं हाये का हे?"
"तिथले लोक सांगतात तसं."
ते मांजराची कॉफी आता लय महाग.
बाईनं नाई घेतली.
म्हणे, आता मांजर पिंजऱ्यात असते.

मग चूप झाली.
तिच्या आज्यानं मालगुजाराची विहीर खोदली होती.
पाणी गोड लागलं का खारं,
ते त्याले दुसऱ्याईनं सांगतलं.
हे मले मागंच माहीत होतं,
म्हणून मी काही बोललो नाई,
एका शर्टाची कॉलर
दोनदा दाबली.

माहा बाप लोकाईचे रेशमी काठ सांभाळे.
त्याच्या लग्नातला सदरा
गिऱ्हाइकाचा होता,
दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून वापस देल्ला.

पहिल्या घोटाले तोंड वाकडं केलं मी.
दुसऱ्याले साखर मागतली.
आता नाई मागत.

विझलेला निखारा मी फेकत नाई.
गाडीच्या टपावर वाळवतो,
दुसऱ्या दिवशी इस्तरीत घालतो.
पुडी संपत आली हाये,
बाई रोज चमचा थोडा कमी भरते,
मले दिसते.

परवा वासनिक वकील आला भांडाले.
"काहून बे, माह्या कोटाले हा कशाचा वास?"
"जावाचा, साहेब."
"कुठी जावाचं?"

मी इस्तरीचं झाकण उघडलं
अन् राख फुकली.